पाप आणि कृपा यांवरील मौनसाधना : एका निवासी शिबिराचे परीक्षण

लेंटच्या दिवसांत, म्हणजे उपवासकाळात, पुण्यापासून फार दूर नसलेल्या एका कॅथलिक साधना केंद्रात मराठीतून निवासी मौनसाधना घेतली जाते. संत इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेल्या आध्यात्मिक साधनेच्या पहिल्या टप्प्यावर ती आधारलेली असून मनुष्याचे पापीपण आणि त्याला असलेली देवाच्या कृपेची गरज हाच तिचा संपूर्ण विषय असतो. यंदा मी तिच्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत सहभागी झाले. केंद्राचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही उणिवाही लिहिणार आहे आणि तिथे मनापासून राबणाऱ्या माणसांच्या नावाला त्या कायमच्या चिकटाव्यात, असे मला वाटत नाही. शिवाय ही पद्धत देशात अनेक ठिकाणी चालते, त्यामुळे पुढील मजकूर अन्यत्र जाणाऱ्यांनाही उपयोगी पडावा.

माझी पार्श्वभूमी आधी सांगणे आवश्यक आहे, कारण तिचा या मूल्यमापनाशी थेट संबंध आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला काम सुरू केले आणि त्या परंपरेतून उभ्या राहिलेल्या प्रॉटेस्टंट मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी वाढले. आमच्या संडेस्कूलमध्ये जी वचने पाठ करून घेतात, त्यांत बायबलमधील इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील वचन हमखास असते : तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते, ते देवाचे दान आहे, ते कर्मांनी मिळत नाही, म्हणून कोणी बढाई मारू नये. लहानपणापासून हे वचन ज्याच्या कानांवर पडले आहे, त्याला ठरावीक तास, ठरावीक पायऱ्या आणि ठरावीक मनन अशी आखणी केलेली साधना पाहून शंका येणे स्वाभाविक आहे. मनुष्य स्वतःच्या बळावर देवापर्यंत पोहोचू शकत नाही, हेच जर ख्रिस्ती विश्वासाचे म्हणणे असेल, तर इतक्या कसून केलेल्या प्रयत्नाला जागा कुठे उरते? शिबिराची पारख मी मुख्यतः या एका प्रश्नावर केली, आणि त्या प्रश्नाला ते पुरेपूर उतरले, असे माझे मत झाले आहे.

या साधनेची बांधणी कळण्यासाठी तिचा उगम माहीत असावा लागतो. पहिल्याच संध्याकाळी मार्गदर्शक सिस्टरांनी तो नीट सांगितला. १५२१ च्या मे महिन्यात स्पेनमधील पम्प्लोनाच्या किल्ल्यावर लढताना इग्नेशियस यांच्या पायावर तोफेचा गोळा आदळला आणि दरबारी मानमरातबाची स्वप्ने पाहणारा तो सरदारपुत्र अंथरुणाला खिळला. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, एप्रिलमध्ये, जर्मनीतील वर्म्स येथे प्रॉटेस्टंट सुधारणेचे प्रवर्तक मार्टिन ल्यूथर आपली मते मागे घ्यायला नकार देत सम्राटासमोर उभे होते. पुढे या दोघांचे मार्ग अगदी विरुद्ध दिशांना गेले. परंतु दोघांच्याही वाट्याला तरुणपणी एकच दुखणे आले होते. मठात असताना ल्यूथर तासन्‌तास पापकबुली देत आणि तरीही काहीतरी राहून गेले या भीतीने पुन्हा जात. इग्नेशियस यांनी १५२२ साली मोन्सेरातच्या मठात आयुष्यभराची पापे लिहून काढून तीन दिवस कबुली दिली, आणि तेवढ्यानेही मनाला स्वस्थता न मिळाल्यामुळे मान्रेसा गावी त्याच त्या पापांची पुनःपुन्हा कबुली देत राहिले. तिथे त्यांनी अन्नपाणी वर्ज्य करून पाहिले, आणि खोलीतल्या मोठ्या भोकातून स्वतःला झोकून द्यावे इथवर त्यांचे विचार गेले. मग एके दिवशी, स्वप्नातून जागे व्हावे तसे, हे सारे आपल्याला कुठे नेत आहे ते त्यांना दिसले आणि झालेली पापे पुन्हा उगाळायची नाहीत असा त्यांनी निश्चय केला. ही सुटका देवाने आपल्या दयेने केली, असे ते पुढे सांगत. मान्रेसातल्या त्या महिन्यांत लिहायला घेतलेल्या टिपणांतून ही साधना आकाराला आली आणि १५४८ साली पोप पॉल तिसरे यांनी तिला मान्यता दिली.

हा इतिहास सिस्टरांनी आरंभीच सांगितला, हे मला फार मोलाचे वाटले. पापावर बोलणाऱ्या शिबिराला येणाऱ्या माणसांपैकी काही जण आधीच अपराधीपणाने पोखरलेले असतात. अशा माणसांना ज्याने ही वाट आखली तोही याच खाईच्या काठावर उभा होता हे कळणे, पुढच्या सगळ्या मननापेक्षा अधिक आधार देणारे ठरू शकते.

दिवसाची आखणी साधी आहे. मोबाइल आल्याआल्या कार्यालयात जमा करावा लागतो. दिवसभरात तासातासाची चार किंवा पाच मनने असतात आणि प्रत्येक मननानंतर पाव तास, बसून किंवा फेऱ्या मारत, त्या तासात मनात काय हालले आणि कुठे कोरडे वाटले, हे पाहायचे असते. सिस्टरांशी रोज एकदा अर्धा तास भेट होते, संध्याकाळी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची प्रभुभोजनाची उपासना, असतो, आणि जेवतानाही मौन पाळले जाते. साधकाच्या खासगी पापांची चौकशी मार्गदर्शकाने करू नये, आणि निर्माणकर्ता व त्याने निर्मिलेला माणूस यांच्यामध्ये आपण आडवे येऊ नये, अशी सूचना इग्नेशियस यांनी स्वतः करून ठेवली आहे. सिस्टरांनी ती काटेकोरपणे पाळली. "प्रार्थनेत काय घडलं तेवढंच सांगा. पापं काय केलीत, ते मला सांगायची गरज नाही," असे त्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले. त्यांचे बोलणे थोडे आणि ऐकणे पुष्कळ असे.

आशयाच्या दृष्टीने पहिली जमेची बाजू म्हणजे पापाचा विषय लगेच काढला जात नाही. आरंभीच्या मननांसाठी एकशे एकोणचाळिसावे स्तोत्र आणि यशयाच्या त्रेचाळिसाव्या अध्यायातील उतारे दिले होते. देवाने मला घडवले, तो मला नावाने ओळखतो, मी त्याच्या दृष्टीने मोलवान आहे, एवढ्यावरच मन स्थिरावू दिले जाते. पापाचा विचार त्यानंतर येतो. हा क्रम उलटा केला तर काय होते, हे मी अनेक प्रवचनांत पाहिले आहे. आधी माणसाला कोसळेपर्यंत दोषी ठरवायचे आणि मग कृपेचा हात पुढे करायचा, असे झाले की ऐकणाऱ्याच्या मनात देव फिर्यादी म्हणून बसतो आणि नंतर कितीही सांगितले तरी तिथून उठत नाही. इथे मात्र प्रेमाची बाजू आधी इतकी भरभक्कम उभी केली होती, की पाप हे त्या प्रेमाला दिलेला नकार म्हणून दिसू लागले. नियमभंग हा त्या नकाराचा बाहेरचा भाग.

पापावरील पहिल्या मननात साधकाची स्वतःची पापे येतच नाहीत. देवदूतांचे पतन, आदाम-हव्वा यांचे पतन, आणि कोणा एका माणसाचे पाप, अशी तीन पापे समोर ठेवली जातात. पाप माझ्यापासून सुरू झालेले नाही. मी त्याच्यात जन्माला आले आणि मग स्वतःच्या मर्जीने त्यात भर घातली, हे यातून कळते. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल हेच मांडतो, आणि सातव्या अध्यायात त्याचा सूर अगदी वैयक्तिक होतो : जे चांगले करावेसे वाटते ते मी करत नाही, आणि जे वाईट नकोसे वाटते तेच करत राहतो. पापाविषयीचे ख्रिस्ती म्हणणे अनेकांना कठोर वाटते, परंतु या ओळी स्वतःच्या आठवड्याशी ताडून पाहिल्या तर त्यांतला खरेपणा नाकारता येत नाही. संत ऑगस्टिन यांनी सोळाव्या वर्षी शेजारच्या बागेतली नासपतीची फळे चोरल्याचे लिहिले आहे. भूक नव्हती, घरी त्याहून चांगली फळे होती. गोडी होती ती चोरीचीच. सिस्टरांनी हा प्रसंग सांगितला आणि त्यावर काहीही भाष्य न करता आम्हाला खोल्यांत पाठवून दिले.

उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायावर मी बराच वेळ थांबले. आदाम झाडांआड लपल्यावर देवाचा पहिला शब्द हा प्रश्न आहे : तू कोठे आहेस? शिक्षा नंतर येते. आणि तीही सुनावून झाल्यावर, बागेबाहेर घालवण्यापूर्वी, देव त्या दोघांसाठी चामड्याची वस्त्रे करतो आणि त्यांना नेसवतो. हा अध्याय मी असंख्य वेळा ऐकला असेल. पण वस्त्रांच्या त्या एका वचनावर तासभर राहण्याची सवड मला आजवर कोणत्याही उपासनेने दिली नव्हती.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. या साधनेत प्रत्येक मननाच्या आरंभी, या तासात मला काय हवे आहे, ते देवाकडे मागायचे असते. पहिल्या टप्प्यात मागायची गोष्ट म्हणजे स्वतःच्या पापांविषयी लाज, दुःख आणि अश्रू. ही रीत प्रथम विचित्र वाटते. पाप माझे आहे, तर त्याचे दुःख तरी माझे मला व्हायला नको का? परंतु साधनेची सारी मेख याच मागण्यात आहे. मला माझ्या पापाचे खरे दुःख होत नाही, त्याची मी सबब सांगते, तुलना करते, फार तर बदनामीची धास्ती घेते. आणि हे दुःखसुद्धा देवाने दिल्यावाचून माझ्यात उपजणार नाही, अशी कबुली त्या मागण्यात दडलेली असते. इतक्या प्रयत्नपूर्वक बसून शेवटी करायचे काय, तर हात पसरायचे.

मंडळीच्या इतिहासात या मुद्द्यावर मोठा वाद होऊन गेला आहे. माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने निष्पाप जीवन जगू शकतो, असे मानणाऱ्या पेलागियसच्या मताला ऑगस्टिन यांनी आयुष्याची शेवटची वर्षे खर्चून विरोध केला आणि ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने ते मत फेटाळले. त्यानंतर एक मधला मार्ग पुढे आला : पहिले पाऊल माणसाने टाकावे आणि पुढचे देवाने पाहावे. हा विचार माणसाच्या मनाला इतका सोयीचा आहे की आजही अर्धीअधिक मंडळी नकळत तोच मानतात. दक्षिण फ्रान्समधील ऑरेंज येथे ५२९ साली भरलेल्या धर्मसभेने तोही नाकारला आणि विश्वासाचा आरंभ, इतकेच काय विश्वास ठेवण्याची इच्छाही, कृपेचेच काम आहे, असे ठरवले. शिबिरात या धर्मसभांचा उल्लेखही झाला नाही आणि ते योग्यच होते. परंतु ऑरेंजचा तो निर्णय इथे दिवसातून चार-पाच वेळा प्रत्यक्ष आचरणात आणला जातो, हे ज्याला तो इतिहास ठाऊक आहे त्याच्या लगेच ध्यानात येईल. माझ्या प्रॉटेस्टंट शंकेला याहून चांगले उत्तर मिळाले नसते. १९९९ साली ३१ ऑक्टोबरला जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे ल्यूथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी नीतिमान ठरवले जाण्याविषयीच्या ज्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, तिच्यातही हेच एकमुखाने म्हटले आहे : देव आपला स्वीकार करतो तो केवळ कृपेने, आपल्या कोणत्याही पात्रतेमुळे नव्हे.

स्वतःच्या पापांवरचे मनन त्यानंतर येते. राहिलेली घरे, नात्यातली माणसे, केलेली कामे अशा क्रमाने आयुष्य आठवायचे असते. या तासाविषयी मला मोठी धास्ती होती आणि तो खरोखर जड गेला. परंतु इग्नेशियस यांनी त्याचा शेवट एका आश्चर्योद्गाराकडे नेला आहे : एवढे सगळे असूनही पृथ्वीने मला गिळले नाही, सूर्याने प्रकाश दिला, धान्याने पोसले, हे कसे? याआधीच्या मननाचा शेवट क्रुसासमोरच्या संभाषणात होतो. टांगलेल्या ख्रिस्तासमोर बसायचे आणि स्वतःला तीन गोष्टी विचारायच्या : मी ख्रिस्तासाठी काय केले, काय करत आहे, काय करायला हवे. पहिल्या प्रश्नावर मी अडले आणि तसे सिस्टरांना सांगितले. त्या म्हणाल्या, "उत्तर सुचत नसेल तर शोधू नका. त्याच्याकडे बघत बसा. तुम्ही काय केलंत ह्याच्या आधी त्यानं काय केलंय, ते समोरच आहे ना." पुढचा तास मी तसाच काढला. पाप जिथे वाढले, तिथे कृपा त्याहून विपुल झाली, हे पौलाचे म्हणणे मी नेहमी मोठ्या आवाजात ऐकत आले होते. ते इतक्या शांतपणेही ऐकू येऊ शकते, हे इथे कळले.

एका छोट्या साधनाविषयी लिहायलाच हवे. विशिष्ट दोषाच्या परीक्षेसाठी प्रत्येकाला एक कागद दिला जातो. त्यावर आठवड्यातील दर दिवसासाठी दोन रेघा असतात : वरची दुपारपर्यंतची, खालची रात्रीपर्यंतची. एकच दोष निवडायचा आणि तो घडेल तितकी टिंबे त्या रेघेवर द्यायची. ही पद्धत इग्नेशियस यांच्या मूळ टिपणातलीच आहे. मी दुसऱ्याविषयी मनातल्या मनात निवाडा करणे हा दोष निवडला, आणि कोणाशी एक शब्द बोलण्याची मुभा नसतानाही दुपारपर्यंत वरची रेघ टिंबांनी भरली. पंगतीत कोणी भात किती वाढून घेतला, कोणी खुर्ची सरकवताना आवाज केला, कोण प्रार्थनेत डुलक्या घेत होते! पाप बाहेरच्या चिथावणीवाचूनही आपले काम चालू ठेवते, हे त्या कागदाने मला कोणत्याही प्रवचनापेक्षा स्पष्ट दाखवले. मात्र हे साधन धोक्याचेही आहे. दुसऱ्या दिवशी टिंबे कमी झाली तर समाधान वाटू लागते, आणि मंदिरात उभा राहून आपल्या उपवासांचा हिशेब देवाला ऐकवणारा परूशी आपल्यात बसलेला दिसतो. सिस्टरांना हा धोका चांगला ठाऊक होता. माझ्याबरोबरच्या एका बाईंना, त्यांची चलबिचल पाहून, त्यांनी तो कागद सरळ परत करायला सांगितला, असे त्या बाईंनीच मौन सुटल्यावर मला सांगितले.

नरकावरील मनन पाचही इंद्रियांनी करायचे असते. ते ऐच्छिक ठेवले होते आणि रात्रीऐवजी सकाळी दिले होते. दोन्ही निर्णय शहाणपणाचे वाटतात. या मननाचा शेवट, आजवर मला तिथे पडू दिले नाही याबद्दल आभार मानण्यात होतो, हे फारसे कोणी सांगत नाही. सिस्टरांनी ते ठसवून सांगितले.

आता उणिवांकडे येते. एका संध्याकाळी बाहेरून आलेल्या वक्त्यांचे सामूहिक व्याख्यान होते आणि सदसद्विवेकाच्या परीक्षेसाठी छापील प्रश्नावली वाटण्यात आली. तोवरच्या साऱ्या कामाला या एका तासाने धक्का लावला. मोबाइल किती पाहता, मालिका किती पाहता, रविवारी उशिरा येता का, शुक्रवारी मांस वर्ज्य करता का, अशा प्रश्नांची ती यादी होती. यांतले काही प्रश्न रास्त आहेत, परंतु पाप म्हणजे सुटी-सुटी कृत्ये, आणि ती टाळली की माणूस नितळ, असा समज त्यांतून होतो. हा पेलागियसचा विचार मागच्या दाराने आत आला, असे मला त्या तासात तीव्रतेने वाटले.

त्याहून मोठी उणीव म्हणजे, त्या यादीत आणि सबंध शिबिरातही, आपण मिळून करत असलेल्या पापांचा विचार जवळजवळ नव्हता. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजात जात मेलेली नाही. सोयरीक जुळवताना, मंडळीची कमिटी निवडताना, कधी दफनभूमीतल्या जागेवरूनही ती डोके वर काढते, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. घरी कामाला येणाऱ्या बाईंचा पगार, शेतावरच्या मजुराची मजुरी, हेही विवेकाच्या परीक्षेचेच विषय आहेत. नाथान संदेष्टा दावीद राजाकडे गेला तेव्हा त्याने श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी बळकावल्याची गोष्ट सांगितली, आणि दावीद संतापल्यावर, तो मनुष्य तूच आहेस, असे तोंडावर सांगितले. ज्या पापानंतर एक्कावन्नावे स्तोत्र रचले असे परंपरा मानते, ते पाप व्यभिचाराबरोबरच सत्तेच्या जोरावर घेतलेल्या एका सैनिकाच्या जिवाचेही होते. स्तोत्र शिबिरात दोनदा वाचले गेले. त्या सैनिकाचे, उरीयाचे, नाव मात्र एकदाही निघाले नाही. कृपेची गरज किती खोल आहे, हे पापाचा हा भाग वगळून कळणे अशक्य आहे, आणि केंद्राने या बाबतीत गांभीर्याने विचार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कबुलीच्या संस्काराची, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापे सांगून क्षमा मिळवण्याची, व्यवस्थाही घाईची झाली. एकाच दुपारी सगळ्यांना वेळ दिल्यामुळे रांग लागली आणि इतक्या दिवसांच्या तयारीनंतर लोकांना काही मिनिटांत उठावे लागले. मी कॅथलिक नसल्याने त्या रांगेत नव्हते. माझ्यासाठी सिस्टरांनी त्या वेळेत स्वतंत्र प्रार्थना ठेवली होती. मिस्सामध्ये ख्रिस्तशरीर, म्हणजे अभिमंत्रित भाकर, मला घेता येत नाही आणि त्याऐवजी धर्मगुरू आशीर्वाद देतात. हा दुरावा दुखतो, तो दुखावाच. परंतु तो न लपवता, आणि मला परके न वाटू देता, ज्या रीतीने सांगण्यात आला, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे.

पापाची जाणीव करून देणाऱ्या अन्य सभा-संमेलनांशी याची तुलना वाचकांच्या मनात येईल. मोठ्या आवाजातल्या, रडण्या-ओरडण्याच्या सभांकडे मी तुच्छतेने पाहत नाही, कारण १९०५ साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात ज्या मुली आपल्या पापांसाठी आक्रोश करत प्रार्थनेला बसल्या, त्यांचे ते रडणे खोटे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु स्वतः रमाबाईंची वाट किती दीर्घ होती, हेही आठवावे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त अजून सापडायचा होता. ज्यांचे बाप्तिस्म्याचे प्रमाणपत्र पेटीत आणि पापक्षमा पाठांतरात आहे, अशा आमच्यासारख्या पिढीजात ख्रिस्ती लोकांना एका सभेच्या भरतीपेक्षा या संथ पद्धतीचा अधिक उपयोग होईल, असे मला वाटते.

मराठीचा दर्जा चांगला होता. हातात दिलेल्या टिपणांची भाषा मात्र सेमिनरीतली, म्हणजे धर्मगुरूंच्या प्रशिक्षणशाळेतली, संस्कृतप्रचुर आणि काही ठिकाणी दुर्बोध आहे. ती नव्याने लिहून घ्यावी. एका सायंप्रार्थनेत सिस्टरांनी तुकारामबुवांच्या पतितपणाच्या अभंगांचा आधार घेतला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे रेव्हरंड नारायण वामन टिळक सांगत, त्यामुळे मराठी ख्रिस्ती माणसाला तो आधार उपरा वाटत नाही. खोल्या लहान व स्वच्छ, जेवण साधे घरगुती, पाण्याची सोय नीट आहे. मननाच्या वेळी खिडक्या लावून खोली अंधारी ठेवण्याची सूचना जुनी आणि अर्थपूर्ण आहे, परंतु मार्चच्या दुपारी ती पाळणे कठीण जाते आणि वयस्कर साधकांना तिच्यातून सूट द्यावी. शुल्क ठरलेले नाही. निघताना लिफाफ्यात आपापल्या ऐपतीप्रमाणे ठेवायचे असते.

ज्यांना स्वतःविषयी फारसे काही चुकलेले वाटत नाही, आणि ज्यांना आपले काही क्षम्यच वाटत नाही, अशा दोन्ही प्रकारच्या माणसांना मी या शिबिराची शिफारस करते. दुसऱ्या प्रकारच्या माणसांनी मात्र नैराश्यावर किंवा तत्सम आजारावर उपचार चालू असल्यास डॉक्टरांचा सल्ला घेऊन आणि मार्गदर्शकांना आधी सांगूनच जावे. कारण दीर्घ मौन सर्वांना सारखे सोसत नाही. प्रॉटेस्टंट वाचकांनी अर्ज करतानाच तसे कळवावे, म्हणजे मिस्सा आणि कबुली यांविषयीचे बोलणे पहिल्या भेटीतच होऊन जाते. जागा मर्यादित असतात आणि नोंदणी लेंट सुरू होतो त्या राखेच्या बुधवारापूर्वीच भरते, म्हणून नाताळ संपताच चौकशी करावी.